होसाम हसन: इजिप्तच्या या स्ट्रायकरचे मोठेपण नेमके कशात आहे?

सीमारेषा यांचा प्रश्न

नमस्कार. मोहम्मद सलाहमुळे इजिप्तच्या फुटबॉलकडे वळलेल्या अनेकांपैकी मी एक आहे. सलाह राष्ट्रीय संघाच्या सर्वाधिक गोलांच्या विक्रमाकडे सरकत असल्याच्या बातम्या वाचताना प्रत्येक वेळी होसाम हसन हे नाव समोर येते. तोपर्यंत मी त्यांना केवळ मैदानाच्या कडेला हातवारे करत ओरडणारे प्रशिक्षक म्हणून ओळखत होतो. नंतर त्यांच्या कारकिर्दीच्या नोंदी चाळल्या आणि गोंधळ वाढला. देशासाठी जवळपास सत्तर गोल, तीन आफ्रिका चषक, एका काळी जगात सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळल्याचा विक्रम, आणि तरीही युरोपात जेमतेम दोन हंगाम. एवढा मोठा खेळाडू असेल तर युरोपातल्या मोठ्या क्लबांनी त्याला सोडले कसे, आणि नसेल तर हे आकडे आले कुठून, असा माझा सरळ प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते अल अहली सोडून थेट झमालेककडे गेले, हे वाचून आश्चर्य वाटले. कैरोतल्या या दोन क्लबांमधले वैर ऐकून माहीत आहे. त्यानंतरही लोकांनी त्यांना स्वीकारले का? ज्यांनी त्या काळातले सामने पाहिले आहेत किंवा त्यावर वाचले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शक्य झाल्यास पाहण्याजोगे सामनेही सुचवावेत.

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

आपण आकड्यांपासून सुरुवात केली आहे. मी एका गोलापासून करतो, कारण इजिप्तमध्ये त्यांची ओळख आजही त्या गोलापासून सुरू होते.

१७ नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोच्या आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर इजिप्त आणि अल्जीरिया यांच्यात १९९० च्या विश्वचषकाच्या पात्रतेचा निर्णायक सामना झाला. कॉन्स्टँटीनमधला पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला होता, त्यामुळे सारे काही त्या एका दुपारवर येऊन ठेपले होते. सामना सुरू होऊन चार-पाच मिनिटेही झाली नसतील, तोच कडेकडून आलेल्या एका क्रॉसवर होसामने बचावपटूच्या वर झेप घेत हेडरने गोल केला. उरलेला जवळपास पूर्ण सामना इजिप्तने तो एक गोल जपण्यात घालवला आणि १९३४ नंतर प्रथमच हा देश विश्वचषकात पोहोचला. सामना संपल्यावर जे घडले ते लज्जास्पद होते. दोन्ही पथकांतल्या हाणामारीत इजिप्तच्या एका डॉक्टरचा डोळा गेला आणि त्या प्रकरणात अल्जीरियाच्या लखदर बेलूमीवर आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट निघाले, जे रद्द व्हायला २००९ साल उजाडले. या सामन्याचे नाव काढले की आज गोलाआधी त्या हाणामारीचीच चर्चा होते, याची मला नेहमी खंत वाटते, कारण इतक्या दडपणाखाली तेवीस वर्षांच्या मुलाने केलेला तो हेडर अव्वल दर्जाचा होता.

इटलीतल्या विश्वचषकात त्यांच्या नावावर एकही गोल नाही. नुसती गोलांची यादी पाहणारा तिथेच निकाल देऊन मोकळा होतो. पण प्रशिक्षक महमूद अल-गोहारी यांचा संघ कसा खेळत होता हे पाहिले पाहिजे. विश्वचषकाच्या तयारीसाठी इजिप्तमधली त्या हंगामाची लीगच रद्द करण्यात आली होती, खेळाडू प्रदीर्घ सराव शिबिरात होते, आणि संघाची सारी आखणी गोल न खाण्याभोवती केलेली होती. पुढे होसाम जवळजवळ एकटाच असे. पालेर्मोमध्ये नेदरलँड्सविरुद्ध समोर युरोपचा विजेता संघ होता. इजिप्त एका गोलाने मागे पडला, आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना होसाम चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्राकडे निघाला, तेव्हा रोनाल्ड कूमनने त्याला मागून खेचले. मिळालेल्या पेनल्टीवर मगदी अब्देलघनी यांनी गोल केला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. इजिप्तमध्ये त्या गोलाचे श्रेय स्वाभाविकपणे अब्देलघनींना मिळाले, आणि तेही स्वतः ते कोणाला विसरू देत नाहीत. पण कूमनसारख्या बचावपटूला शर्ट ओढण्याची वेळ कोणी आणली, हेही लक्षात ठेवायला हवे.

त्यानंतर आयर्लंडविरुद्धचा सामना गोलशून्य राहिला. इजिप्तचे बचावपटू चेंडू पुन्हा पुन्हा गोलरक्षक अहमद शोबेर यांच्याकडे परत देत होते आणि ते तो हातात घेऊन वेळ काढत होते. मागे दिलेला पास गोलरक्षकाने हातात घेऊ नये हा नियम १९९२ मध्ये आला, तेव्हा या विश्वचषकातल्या ज्या सामन्यांची आठवण काढली गेली त्यांत हा सामना होता. अशा संघात स्ट्रायकरच्या वाट्याला किती चेंडू येत असतील याचा अंदाज आपणच करावा. शेवटी इंग्लंडकडून एका गोलाने हार पत्करून इजिप्त गटात चौथा आला.

त्यांच्या खेळाबद्दल थोडे लिहितो. सलाहसारखा वेग, चेंडू पायाला चिकटवून तिघांना चकवणे, हे त्यांच्याकडे नव्हते. त्यांचे बळ हवेत होते, आणि गोलच्या जवळच्या खांबाकडे अचानक घुसण्यात होते. बचावपटूला पाठीवर घेऊन उभे राहणे, क्रॉस सुटण्याच्या अर्धा क्षण आधी त्याच्या पुढे सरकणे आणि चेंडू एकाच स्पर्शात मारणे, यात ते निष्णात होते. शिवाय कोणत्याही बचावपटूशी नव्वद मिनिटे भांडण्याची त्यांची तयारी असे. हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाही.

मधली फळी यांचे उत्तर

युरोपबद्दल आपण विचारलेत, त्यावर लिहितो. विश्वचषकानंतर होसाम आणि त्यांचा जुळा भाऊ इब्राहिम हे दोघे ग्रीसच्या पाओक क्लबकडे गेले आणि पुढच्या हंगामात स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल झामाक्सकडे. इब्राहिम उजव्या बाजूचा बचावपटू होता. कारकिर्दीचा बहुतेक काळ दोघे एकाच क्लबकडून एकत्र खेळले. झामाक्सचे प्रशिक्षक तेव्हा रॉय हॉजसन होते, म्हणजे पुढे इंटर मिलान, लिव्हरपूल आणि इंग्लंडच्या संघाची धुरा सांभाळणारेच.

२२ ऑक्टोबर १९९१ रोजी यूएफा (युरोपचा फुटबॉल महासंघ) चषकात झामाक्सने स्कॉटलंडच्या सेल्टिकला ५-१ असे हरवले आणि त्यांतले चार गोल एकट्या होसामचे होते. सेल्टिकच्या युरोपीय इतिहासातल्या सर्वांत नामुष्कीच्या रात्रींमध्ये ती आजही गणली जाते. पुढच्या फेरीत समोर रिआल माद्रिद आले. झामाक्सने घरच्या मैदानावर एका गोलाने विजय मिळवला, मात्र परतीच्या सामन्यात माद्रिदमध्ये चार गोल खाऊन संघ बाहेर पडला. हंगाम संपल्यावर होसाम अहलीकडे परतले.

आता ते का परतले याचे एकच एक कारण सांगणारे बरेच भेटतात. मला त्यावेळची परिस्थिती अधिक बोलकी वाटते. १९९५ च्या बोस्मन निकालाच्या (युरोपीय न्यायालयाच्या ज्या निकालाने युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवरची ही मर्यादा उठली त्याच्या) आधी युरोपातल्या क्लबांवर परदेशी खेळाडूंच्या संख्येची कडक मर्यादा होती. यूएफाच्या स्पर्धांमध्ये तर सर्वसाधारणपणे तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत. अशा वेळी क्लब ती मोजकी जागा ब्राझील, अर्जेंटिना किंवा युगोस्लाव्हियाच्या खेळाडूला देत. इजिप्तच्या खेळाडूकडे वळणारे क्लब फार थोडे होते. झामाक्सने त्यात वेगळा मार्ग धरला होता, कारण हसन बंधूंबरोबर तिथे हानी रम्झीही होता. रम्झी पुढे जर्मनीत दीर्घकाळ खेळला, म्हणजे टिकून राहणे अशक्य नव्हते. परंतु तो बचावपटू होता आणि वयाने लहान होता.

दुसरी बाजू अशी की होसाम ज्या क्लबकडे परतले तो काही लहानसहान क्लब नव्हता. आफ्रिकन फुटबॉल महासंघाने पुढे अल अहलीला शतकातला आफ्रिकेतला सर्वोत्तम क्लब ठरवले. कैरोत भरलेली स्टेडियमे, दरवर्षी विजेतेपदाची लढत, वृत्तपत्रांची पहिली पाने, आणि राष्ट्रीय संघाची जागा डोळ्यांसमोर. स्वित्झर्लंडमधल्या मध्यम आकाराच्या क्लबसाठी खेळण्यापेक्षा हे कमी प्रतिष्ठेचे होते असे आज इंग्लंडची लीग पाहून ठरवणे मला अन्यायाचे वाटते. युरोपात गेलेला खेळाडू मोठा आणि न गेलेला छोटा, ही मोजपट्टी १९९२ च्या कैरोला लावता येत नाही.

ऑफसाइड यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांतला आदर मला मान्य आहे, पण एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही म्हणून मांडतो.

त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने कुठे १६९ दिलेले आढळतात तर कुठे १७६. गोलही ६८ की ६९ यावर याद्यांमध्ये एकमत नाही. कोणते सामने अधिकृत धरायचे यावर हे अवलंबून आहे. अधिक उदार आकडा घेतला तरी साधारण पाच सामन्यांत दोन गोल असे प्रमाण पडते. चांगले आहे, परंतु अचाट नाही. २००१ मध्ये त्यांनी जर्मनीच्या लोथार मथेउसचा १५० सामन्यांचा विक्रम मागे टाकला तेव्हा जगभर बातमी झाली, मात्र त्या काळातला इजिप्तचा संघ मैत्रीपूर्ण सामने भरपूर खेळत असे, हेही ध्यानात घ्यावे.

आणि विश्वचषकाचे काय? १९८९ च्या त्या गोलानंतर होसाम खेळत असेपर्यंत इजिप्त एकदाही पात्र ठरला नाही. १९९४ च्या पात्रतेत झिम्बाब्वेविरुद्धचा कैरोतला सामना इजिप्तने जिंकला होता. पण प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्यामुळे फिफाने तो फ्रान्समधल्या लिऑन येथे पुन्हा खेळवला. तिथे विजय आवश्यक होता आणि गोल झाला नाही. १९९८, २००२, २००६ या तिन्ही वेळा संघ आधीच अडखळला. थेट २०१७ मध्ये सलाहने काँगोविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल केला, तेव्हा इजिप्त पुन्हा विश्वचषकात गेला. एका पिढीच्या सर्वोत्तम स्ट्रायकरकडे या अपयशाचा काही वाटा जाणारच.

१९९८ च्या आफ्रिका चषकातले त्यांचे सात गोल नेहमी सांगितले जातात. त्यांतले दोन मोझांबिकविरुद्ध आणि तीन झांबियाविरुद्ध, म्हणजे पाच गोल गटातल्याच सामन्यांत झाले.

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

ऑफसाइड यांच्या विश्वचषकाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो त्यांच्या कारकिर्दीतला खराखुरा रिकामा भाग आहे. मात्र १९९८ बद्दल मी सहमत होऊ शकत नाही. झांबियाला दुबळा संघ म्हणून बाजूला सारण्याआधी तो १९९४ च्या आफ्रिका चषकाचा उपविजेता आणि १९९६ मध्ये तिसरा होता हे लक्षात घ्यावे, आणि त्याच संघाविरुद्ध इजिप्तने चार गोल केले. उरलेले दोन गोल कुठे आले हे तर आपण लिहिलेच नाही. ते उपांत्य सामन्यातले होते, यजमान बुर्किना फासोविरुद्ध, वागादुगूत, सारे स्टेडियम विरोधात असताना. इजिप्तचे दोन गोल झाले आणि दोन्ही त्यांचेच होते. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत आयव्हरी कोस्टविरुद्ध संघ पेनल्टी शूटआउटवर कसाबसा वाचला होता. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अहमद हसन आणि तारेक मुस्तफा यांनी गोल केले, आणि सर्वाधिक गोलांचा मान होसाम व दक्षिण आफ्रिकेच्या तरुण बेनी मॅकार्थीने सात-सात गोलांसह वाटून घेतला. होसाम तेव्हा ३१ वर्षांचे होते.

तीन आफ्रिका चषकांविषयीही नेमके बोलायला हवे. १९८६ मध्ये ते एकोणीस वर्षांचे होते आणि संघात असले तरी तो चषक ताहेर अबूझैद यांच्या पिढीचा होता. १९९८ मात्र त्यांचा स्वतःचा.

दहा नंबर यांचे उत्तर

झमालेकच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही म्हणून लिहितो.

२००० साली, संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनकडे एक हंगाम खेळून झाल्यावर, अहलीने हसन बंधूंना संघात कायम ठेवले नाही. दोघेही ३४ वर्षांचे होत होते आणि त्यांचे संपत आले आहे असे क्लबला वाटले असावे. दोघांनी सरळ झमालेकशी करार केला. इजिप्तमध्ये घराघरांत अहली आणि झमालेक अशी फाळणी आहे. इतकी वर्षे लाल शर्टात गोल करणाऱ्याने पांढरा शर्ट घालणे अहलीच्या चाहत्यांना किती झोंबले असेल हे सांगायला नको. पण झमालेकने त्यांना निवृत्तीची सोय म्हणून आणले नव्हते. त्यांच्या काळात झमालेकने २००१, २००३ आणि २००४ ची लीग विजेतेपदे जिंकली आणि २००२ मध्ये कासाब्लांकाच्या राजा क्लबला हरवून आफ्रिकन चॅम्पियन्स लीगही. अहलीबरोबर १९८७ मध्ये जी आफ्रिकन स्पर्धा जिंकली तीच पंधरा वर्षांनी प्रतिस्पर्धी क्लबबरोबर जिंकणारा दुसरा स्ट्रायकर मला तरी आठवत नाही. लोकांनी स्वीकारले का, असे आपण विचारले आहे. झमालेकच्या लोकांनी डोक्यावर घेतले. अहलीच्या लोकांचे प्रेम पूर्वीसारखे राहिले नाही, इतके म्हणता येईल. पुढे अल मस्री, तरसाना आणि अलेक्झांड्रियाचा इत्तिहाद असा प्रवास करत ते २००८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर थांबले.

यात एक प्रसंग असा आहे की ज्यातून युरोपवाला मुद्दाही उलगडतो. २००६ चा आफ्रिका चषक इजिप्तमध्ये होता. प्रशिक्षक हसन शेहाता यांनी ३९ वर्षांच्या होसामला संघात घेतले होते, आणि त्याच संघात इंग्लंडच्या टॉटनहॅमकडून खेळणारा स्ट्रायकर मिदो होता, आयाक्स, मार्सेली आणि रोमा असा प्रवास केलेला, वयाने अवघा बावीस. उपांत्यपूर्व सामन्यात काँगो लोकशाही प्रजासत्ताकाविरुद्ध होसामने गोल केला आणि स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक वयाचा गोल करणारा खेळाडू म्हणून त्यांची नोंद झाली. उपांत्य सामन्यात सेनेगलविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना शेहातांनी मिदोला बाहेर बोलावले. मिदो तावातावाने त्यांच्याशी भांडू लागला, दोघे समोरासमोर उभे राहून ओरडत होते, आणि त्याच्या जागी आलेल्या अमर झाकीने काही क्षणांतच हेडरने विजयी गोल केला. मिदोवर सहा महिन्यांची बंदी आली आणि अंतिम सामन्याला तो मुकला. आयव्हरी कोस्टविरुद्धचा तो सामना इजिप्तने पेनल्टी शूटआउटवर जिंकला. मिदो २०१३ मध्ये तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्या वयात होसाम यांची १९९८ ची स्पर्धा अजून व्हायची होती.

गंमत अशी की डोके गरम होण्याच्या बाबतीत होसाम मिदोपेक्षा मुळीच कमी नव्हते. पंचांशी वाद, प्रतिस्पर्ध्यांशी झटापटी, हे सारे त्यांच्या नावावर आहे. प्रशिक्षक असताना २०१६ मध्ये एका छायाचित्रकाराच्या अंगावर धावून गेल्याबद्दल त्यांना काही दिवस कोठडीतही राहावे लागले. याचे समर्थन करता येणार नाही. फरक एवढाच की त्यांच्या संतापाने त्यांची खेळाची भूक कधी मारली नाही. मैदानाबाहेर त्याने त्यांचे नुकसान जरूर केले.

सीमारेषा यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आकड्यांमागची परिस्थिती आता लक्षात आली. ऑफसाइड यांचा विश्वचषकाचा आक्षेप मला अजूनही वजनदार वाटतो, पण युरोपातल्या हंगामांची संख्या मोजून मी जो निष्कर्ष काढत होतो तो सोडून देतो. एक शेवटची विचारणा: प्रशिक्षक म्हणून त्यांच्याकडे कसे पाहावे? आणि सामने सुचवायचे राहिले आहेत.

मधली फळी यांचे उत्तर

प्रशिक्षक म्हणून निकाल द्यायला मी अजून थांबेन. झमालेक आणि अल मस्री यांच्यासह इजिप्तमधल्या बऱ्याच क्लबांचे काम त्यांनी पाहिले. २०१३ मध्ये जॉर्डनचा राष्ट्रीय संघ हाती घेतला. तिथे उझबेकिस्तानला पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ असे हरवून त्यांनी संघाला विश्वचषकाच्या उंबरठ्यावर नेले. मग उरुग्वेने अम्मानमध्ये पाच गोल केले आणि विषय संपला. माँटेव्हिडिओतली गोलशून्य बरोबरी फक्त अब्रू राखणारी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते इजिप्तचे प्रशिक्षक झाले, अर्थात इब्राहिमला बरोबर घेऊनच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जिबूतीला ३-० असे हरवून संघाने २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवली. त्यांतले दोन गोल सलाहचे होते. म्हणजे ज्यांचा विक्रम मोडायचा तेच प्रशिक्षक सलाहला संघात उतरवत आहेत, आणि त्या दोघांचे संबंध कसे आहेत यावर कैरोतल्या टीव्ही वाहिन्यांचे कित्येक तास निघतात.

सामन्यांबद्दल म्हणाल तर गोलांच्या संकलित चित्रफितींपासून सुरुवात करू नये, कारण त्यांत शेवटचा स्पर्श तेवढा दिसतो. आधी नेदरलँड्सविरुद्धचा १९९० चा सामना पूर्ण पाहावा, आणि चेंडू कुठेही असला तरी नजर इजिप्तच्या नऊ नंबरवर ठेवावी. मदतीला कोणी नसताना तो कूमन आणि रायकार्डला किती वेळा मागे धावायला लावतो ते मोजावे. त्यानंतर बुर्किना फासोविरुद्धचा १९९८ चा उपांत्य सामना. सेल्टिकविरुद्धचे चार गोल शेवटी पाहिले तरी चालतील.